महापुरातून आम्ही वाचलो. शेजारणीसमोर देवाचे आभार कसे मानू?

नदीकाठची

आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घर पाण्यात गेलं, आम्ही सगळे वाचलो. तेव्हापासून दर श्रावणात सासूबाई सत्यनारायण घालतात. "देवानं पदरात घातलं, त्येचं देणं हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्या पूजेत मीही मनापासून असते. वाचल्याबद्दल देवापुढं डोकं टेकवायला मला कुणाचा दाखला लागत नाही.

अडचण वेगळीच आहे. आमच्या भिंतीला भिंत लागून काकूंचं घर. त्यांचे मालक त्याच रात्री गेले. काकू दरवर्षी पूजेला येतात, मागं चुलीपाशी पुऱ्या लाटायला बसतात, प्रसाद घेतात आणि जातात. आरती झाली की सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, "देव पाठीशी हुता म्हणून वाचलो." त्या वेळी मला काकूंकडं बघवत नाही. देव आमच्या पाठीशी होता, मग भिंतीपलीकडं कोण होतं?

त्या रात्रीचं थोडं सांगते. सासरे अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले. दुपारी पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं. त्यांना न्यायला ट्रॅक्टर यायचा होता, तो पोचायच्या आत रस्ताच बुडाला. काकांचा पाय मोडलेला, प्लॅस्टर होतं, म्हणून तेही त्याच ट्रॅक्टरची वाट बघत होते. अंधार पडता पडता आम्ही सासऱ्यांना माडीवर घेतलं. नवऱ्यानं म्हशींची दावी कापली, त्या आपल्या आपण पोहत कुठं गेल्या ते कळलं नाही. २००५ च्या पुराची रेघ सासऱ्यांनी सोप्यातल्या भिंतीवर रंगानं मारून ठेवली होती. पाणी तिच्यावर चढलं तेव्हा नवरा बॅटरी मारून बघून आला आणि काही न बोलता पोरांना जवळ घेऊन बसला.

खालचं सगळं सामान तरंगत होतं. गॅसचा सिलिंडर तक्तपोशीला खालून थडकायचा. आम्ही बसलो होतो त्या फळ्यांच्या बरोबर खाली. ठोका बसला की पोरगी दचकायची. सासूबाईंनी "जोतिबाच्या नावानं चांगभलं" धरलं होतं ते सोडलं नाही. भिंतीपलीकडून काकूंचाही तोच गजर ऐकू येत होता. मध्येच त्यांनी हाक मारली, मालकांच्या छातीत दुखतंय म्हणून. नवऱ्यानं भिंत फोडायला पहार शोधली, पहार खाली पाण्यात होती. मग काकूंचा आवाज बंद झाला. आम्ही हाका मारत राहिलो.

उजाडताना गुऱ्हाळाची काहील, उसाचा रस आटवायची मोठी कढई, घेऊन पोरं आली. दोघं वल्हवत होते, एक म्हातारा पुढं बांबू टेकवत वाट चाचपत होता. सासऱ्यांना चादरीच्या झोळीत घालून खिडकीतून काढलं. मग काकूंना. मग काकांना, पण तोवर सगळं झालं होतं.

एकाच रात्री, एकाच देवाला, एकाच शब्दांत दोन घरांनी हाक मारली. मी देवाचे आभार मानणं सोडणार नाही. काकूंसमोर कसे मानू, एवढं सांगा.

गगनबावडा_वाट

ताई, वाचून सुन्न झालो. सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही. हात जोडतो.

तालीमवाला

ताई, आम्ही कोल्हापूर शहरातल्या एका तालमीची पोरं. त्या पुरात सुतारवाड्यापासून काम चालू केलं ते पाणी उतरेपर्यंत. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका. त्या वर्षी पाणी ५५ च्याही वर गेलं. शिरोलीला हायवे बंद, गावात पेट्रोल नाही, दूध नाही. उपसा केंद्रंच बुडाल्यानं चोहीकडं पाणी असून नळाला थेंब नाही.

बोटीतून उतरवलं की म्हातारी माणसं आमच्या पाया पडायची. "तूच रं माझा देव." पोरं अवघडून जायची. आमच्यातला एकजण त्यावर ठरलेलं बोलायचा, "आजी, देवानंच धाडलंय, पाया त्येच्या पडा, मला च्या द्या." मला ते उत्तर लई आवडायचं. आभाराचा अर्धा वाटा वर जायचा, अर्धा खाली राहायचा आणि दोन्ही खरे असायचे.

पण एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. एका माडीवर एक आजोबा बसलेले. देव्हारा पुढ्यात, समई चालू. "मी हलत न्हाई, माझा भरवसा त्येच्यावर हाय." आम्ही तीनदा बोट लावली. चौथ्यांदा त्यांची सूनच ओरडली, "मामंजी, बोट कुणी पाठवली मग?" तेव्हा उठले. देव्हाऱ्यातला टाक मुठीत घेऊन बोटीत बसले. भरवसा ठेवणाऱ्या माणसानं बोलावणं आलं की उठावं, असं मला त्या दिवसापासून पक्कं वाटतं. सांगलीकडच्या ब्रह्मनाळची बातमी आली तेव्हा आम्ही पाण्यातच होतो. ८ ऑगस्ट. पुरातून बाहेर काढणारीच बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. त्यांनी देवाचं नाव घेतलं नव्हतं असं कोण म्हणेल? त्या रात्री आमच्यातलं कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी बोटीत माणसं मोजून घ्यायला लागलो आणि जॅकेट नाही त्याला बसवलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात नाही हे कळतंय. पण काकूंच्या मालकांपर्यंत वेळेत कुणी पोचलं नाही, ते ओझं देवाच्या एकट्याच्या डोक्यावर टाकू नका. थोडं आमच्याही डोक्यावर आहे.

सरळ_बोल

ताई, तुमच्या दुःखाचा पूर्ण आदर ठेवून लिहितो. मी देव मानत नाही. मला वाटतं तुमच्या प्रश्नाची गाठ "देवानं वाचवलं" या वाक्यातच आहे. ते म्हटलं की काकांना देवानं सोडलं, हे आपोआप येतं. पाणलोटात अतोनात पाऊस झाला, धरणं भरली, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे त्यांच्या नियमानं उघडले, पूररेषेच्या आत बांधकामं झालेली, नदीला पसरायला जागा उरली नाही. पुढं पुराची कारणं शोधायला वडनेरे समिती बसली, अहवाल आला. यात देवाचा हात कुठंच नाही. काहील आणणाऱ्या तिघांचे आभार माना. त्याला काकूंचीही हरकत नसेल.

नदीकाठची

@सरळ_बोल, दादा, राग नाही. तिघांचे आभार आम्ही मानलेत. त्यातले ते म्हातारे आता नाहीत, त्यांच्या दहाव्याला मी होते. पण त्या रात्री माडीवर मला जे कळलं ते त्या तिघांच्या आधीचं आहे. मध्यरात्रीनंतर मी मागणं थांबवलं होतं. पोरांना वाचव, घर वाचव, म्हशी मिळू देत, सगळं मागून झालं. मग मागायला काही उरलंच नाही आणि तरी मी एकटी नव्हते. काहील येईल हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्ही बुडालो असतो तरी ते खरंच राहिलं असतं, असं मला वाटतं. त्याचे आभार कुणाचे मानू, तुम्हीच सांगा. पाऊस, धरण, पूररेषा हे तुमचं सगळं मान्य आहे. ग्रामसभेत पूररेषेवर बोलायला मीच उठते.

सरळ_बोल

यावर माझ्याकडं उत्तर नाही. तुमचा अनुभव खोटा म्हणणार नाही. ग्रामसभेत बोलता हे वाचून बरं वाटलं.

शिरोळकर

आमच्या नृसिंहवाडीचं सांगतो. कृष्णा-पंचगंगेचा संगम, काठावर दत्ताचं देऊळ. पावसाळ्यात पाणी चढत चढत देवळात येतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लांबून माणसं येतात. आठ दिवसांनी घर बुडवणार असलेलं तेच पाणी आम्ही ओंजळीत घेऊन डोक्याला लावतो.

बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. पण पुढचंही ऐका. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती उचलून टेंबे स्वामींच्या मठात नेतात. पुजारी पाण्याला नमस्कार करतात आणि देवाला उंचावर हलवतात, दोन्ही एकाच दिवशी. तालीमवाले दादांच्या त्या आजोबांना हे कुणी सांगितलं असतं तर पहिल्याच फेरीला उठले असते. देवच जागा सोडतो, मग भक्तानं का बसून राहावं?

तुम्हा कोल्हापूरकरांचंही तसंच की. आषाढात पंचगंगेचं नवं पाणी कलशातून वाजतगाजत टेंबलाईच्या टेकडीवर नेता, देवीच्या पायऱ्यांवर ओतता. पुढं पूर येणार की नाही हे ठाऊक नसताना. आभार आधी मानायची रीत आहे ही. नदीनं कसं वागायचं ते नदीनं ठरवावं, आम्ही नमस्कार चुकवणार नाही. माझ्या आजोबांनी १९८९ चा पूर पाहिला, २००५ चा पाहिला. दोन्हीनंतर पहिली ओटी नदीची भरायला लावली.

रात्रपाळी_सिस्टर

मी आयसीयूत नर्स आहे, गाव आणि दवाखाना सांगत नाही. ताई, तुमचा प्रश्न आमच्या दाराबाहेर रोज उभा असतो. तीन नंबरचा पेशंट व्हेंटिलेटरवरून निघतो, त्याची माणसं पेढे आणतात. त्याच बाकावर पाच नंबरची माणसं बसलेली असतात, त्यांना आत्ताच डॉक्टरांनी बोलावून घेतलेलं असतं.

एक प्रसंग सांगते. पन्हाळ्याकडच्या एका वाडीतला मुलगा मण्यार चावून आला. मण्यार बहुतेक रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला, आणि दुखतही नाही फारसं, म्हणून कळत नाही. सकाळी याच्या पापण्या वर उचलेनात, मग गिळता येईना, मग श्वास. ट्यूब घातली, लस दिली, मशिनवर ठेवला. अशा पेशंटला हात हलवता येत नाही, डोळा उघडता येत नाही, आपल्याला वाटतं गेला. पण मशिननं श्वास चालू ठेवला आणि विष ओसरेपर्यंत दम धरला तर बरेच जण परत येतात. बाप बाहेर बसून होता. आत सोडलं की पोराच्या कपाळाला अंबाबाईचं कुंकू लावायचा आणि कानात सांगायचा, "मी हाय इथं." पोरगं ऐकतंय की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. पुढं त्या मुलानं आम्हाला सांगितलं, त्याला सगळं ऐकू येत होतं.

मुलाची ट्यूब काढली तेव्हा बापानं पेढे आणले, पण बाहेर वाटले नाहीत. शेजारच्या बेडवर अपघाताची एक बाई होती, तिचा नवरा एकटाच असायचा. हा बाप वॉर्डात हलल्यावरही रात्री खाली यायचा, त्या नवऱ्याजवळ बसायचा, चहा आणून द्यायचा, औषधाच्या दुकानात पळायचा. ती बाई गेली त्या पहाटेही हाच होता, गाडी ठरवून द्यायला. जाताना पेढ्यांचा पुडा माझ्या हातात देऊन म्हणाला, "सिस्टर, हे आता तुम्ही खावा, माझं देणं फिटलं न्हाई, पर सुरू झालं."

आभार मानायची याहून चांगली रीत मी पाहिलेली नाही. काकूंसमोर गप्प बसावं असं मला वाटत नाही ताई. त्यांच्याजवळ बसावं.

कुरुंदवाडचा

सिस्टर, तुमचं वाचून डोळे भरले.

ताई, आमच्या गावात मशिदीत गणपती बसतात, त्यामुळं एकमेकांच्या आभाराचं आम्हाला परकेपण नाही. माझे अब्बा करोनात गेले. त्यांच्या आधी माझा ऑक्सिजन उतरला होता, मी वाचलो. घरी आलो त्या दिवशी अम्मीनं माझ्यासाठी शुक्रान्याची नमाज पढली. पुढं अब्बांची खबर आली तेव्हाही तिच्या तोंडून आधी अल्लाहचंच नाव निघालं, मग रडली. आमच्यात सुखाला आणि दुःखाला दोन्ही वेळेला त्याची तारीफ करायला शिकवतात. लहानपणी ते पाठ होतं फक्त. अम्मीच्या तोंडून त्या दिवशी ऐकलं तेव्हा कळलं की हे म्हणायला किती ताकद लागते. मला अजून जमत नाही. माझ्या वाचण्याचा शुक्र करताना अब्बांची जागा मध्ये येतेच. येऊ दे, असं आता मी ठरवलंय. दोन्ही एकदम घेऊन उभा राहतो.

माहेर_पन्हाळा

सूचना करू का? यंदा पूजा बंद ठेवा आणि तो खर्च काकूंच्या मुलाच्या फीला द्या.

नदीकाठची

@माहेर_पन्हाळा, फीचं आम्ही बघतोच, ते कुणाला सांगायचं नसतं. पूजा बंद करायचा विचार मात्र माझ्याही मनात येऊन गेला होता. म्हणून काल सिस्टरचं वाचल्यावर उठले आणि सरळ काकूंकडं गेले. त्या परसात शेंगा फोडत होत्या. मीही सूप ओढून बसले. विचारलं, "काकू, आमच्या पूजेचा तुम्हाला त्रास होतो का? खरं सांगा."

बराच वेळ त्या फोडतच राहिल्या. मग म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते.

"व्हतो की. तुझी सासू म्हणती देव पाठीशी हुता, तवा माझ्या पोटात पीळ पडतो. पर तू पूजा बंद केलीस तर त्या रातीचं नाव काढायची एक जागा जाईल माझी. बाकी कोण काढतंय? लोक म्हणत्यात इसरा आता. तुमच्यात निदान त्या रातीसाठी दिवा लागतो."

मी विचारलं, देवावर राग आहे का? म्हणाल्या, "हाय. म्हणून तर माघात खेटे घालते. अनवाणी जाते जोतिबाच्या डोंगरावर आन् विचारते त्येला, माझा आवाज भिताडाच्या अलीकडंच राहिला व्हय? उत्तर देत न्हाई. पर विचारायला दुसऱ्या कुणाकडं जाऊ? तोंड फिरवलं तर बोलणंच संपलं."

मी काय बोलणार होते! मी तिथंच रडले. त्यांनी मला पाणी दिलं, खरं तर उलटं व्हायला हवं होतं. पुढं त्या आपणहून म्हणाल्या, "सकाळी काहिलीत बसताना म्हाताऱ्यानं त्येंचं डोकं मांडीवर घेतलं हुतं. मेलेल्या माणसाचं. पाण्यात हात बुडवून तोंड पुसलं. त्येवढ्यासाठी मी हात जोडते रोज. बाकीचा हिशेब व्हायचाय अजून."

शिरोळकर

काकूंना माझा दंडवत सांगा.

खेट्यांवरून आठवलं. आपल्याकडं सांगतात की केदारनाथ, म्हणजे आपला जोतिबा, परत हिमालयाकडं निघाले तेव्हा खुद्द अंबाबाई करवीरातून अनवाणी चालत त्यांना थांबवायला गेली, त्याचेच हे खेटे. म्हणजे खेट्यांचा उगमच "जाऊ नका" म्हणण्यात आहे. काकू त्याच वाटेनं जातायत. त्यांचा राग हीसुद्धा भक्तीच आहे, कुणी त्यांना समजवायला जाऊ नये.

तालीमवाला

त्या म्हाताऱ्यांबद्दल आणखी लिहा ताई कधीतरी. अशी माणसं पेपरात येत नाहीत.

रात्रपाळी_सिस्टर

सासूबाईंना काही सांगितलंत का? त्यांचं वाक्य बदलायला लावू नका बरं. त्यांचं वय आहे, त्यांनी सासऱ्यांना झोळीतून जाताना पाहिलंय. त्यांचेही आभार खरे आहेत.

नदीकाठची

सांगितलं. आधी गप्प झाल्या. मग कुणालाच न सांगता भिंतीपलीकडं गेल्या आणि दिवेलागणीला परत आल्या. दोघींत काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या की यंदा कथेच्या आधी पहिलं पान काकांच्या नावानं वाढायचं आणि आरतीला ताट काकूंच्या हातात द्यायचं. काकू म्हणाल्या, ताट धरीन, पण शिरा मीच करणार, तुमच्यात गूळ कमी पडतो.

पूजा श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी आहे. @तालीमवाला, दादा, तुमच्या पोरांना घेऊन या. आमच्या गल्लीतली पोरं दोर कसा टाकायचा आणि काहिलीत किती माणसं घ्यायची ते शिकायचं म्हणतायत, त्या दिवशी सगळी एका जागी सापडतील. एक काहील गुऱ्हाळवाल्यानं कायमची देऊ केलीय, ती शाळेच्या माडीवर ठेवायची आहे. चार जॅकेट जमलीत, आणखी लागतील. आणि पहार आता माडीवर असते, दोन्ही घरांत.

तालीमवाला

येतो ताई. सातजण येऊ. जॅकेट आमच्याकडची सहा आणतो, दोर पण आणतो. शिकवायला सकाळी लवकर बोलवा पोरांना, कथा सुरू व्हायच्या आत उरकू.